येतंय हां

वेंगुर्ल्याच्या बाजारात कुणाच्या हातात पिशवी दिसली
की बघणारा आधी पिशवीशी बोलतो, मग माणसाशी.
ह्या सवयीला मी कंटाळलो आहे.
मीही तेच करतो.
पिशवीतून डोकावणाऱ्या दुधीकडे बघत विचारतो, काय, बाजार?
जसा काही माणूस दुधीला फिरायला घेऊन निघालाय.

त्या बुधवारी माझ्या पिशवीत पेडवे होते.
तीस रुपयांचा वाटा, बाजूला सोलांची पुडी
आणि सगळ्यावर कालचा पेपर, कडेनं खोचलेला,
जसा एखादा पोरगा उत्तरपत्रिकेवर हात आडवा धरून बसतो.
एकतीस वर्षं मी तसे हात बाजूला करायला लावले.

सायकलच्या दुकानापाशी भिकाजी मोचेमाडकर.
"काय मास्तरानू, बाजार?"
"होय. बांगडे गावले थोडे."
बांगडे माझ्या तोंडात कुठून आले, देव जाणे.
"मी सुरमयेची तुकडी घेतलंय," तो म्हणाला
आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली,
माझ्यापासून लांबच्या.

गुडघा विचारून झाला, मुंबईचा मुलगा विचारून झाला,
लाईट किती वाजता गेली होती तेही.
"येतंय हां."
"येवा."
जातो असं आपल्यात म्हणत नाहीत.
येतो म्हणायचं आणि जायचं.
पण निदान जायचं तरी!
आम्ही दोघेही वळलो
आणि एकाच बाजूला वळलो.

निरोप घेऊन झालेल्या माणसाच्या शेजारून कसं चालावं
हा धडा कुठल्याच इयत्तेला नव्हता.
मी वाकून चपलेचा पट्टा नीट केला. पट्टा नीटच होता.
भिकाजी मोबाइल कानाला लावून उभा राहिला,
हॅलो, हॅलो, बोल, म्हणाला,
आणि कानाला लावलेला तो मोबाइल वाजला.

मग काय करणार?
आरोलकरांकडे लिंबूसोडा प्यायलो.
पिशव्या बाकाखाली टेकवल्या,
दोन्ही एकाच कापडदुकानाच्या, पिवळ्या, बंद तुटत आलेल्या.
पैसे कुणी द्यायचे ह्यावर हाताहातीची वेळ आली.
मी जिंकलो. चाळीस रुपये गेले,
पेडव्यांपेक्षा दहा जास्त.
"येतंय हां," तो पुन्हा म्हणाला.
"येवा, येवा." आणि मी मुद्दाम
लागत नसताना औषधांच्या दुकानात शिरलो.

घरी मोरीत पिशवी उपडी केली.
पेडवे.
साधारण तेवढेच, दोन-चार कमीच असतील.
सोलं मात्र नव्हती.
होतं ते निळ्या दोऱ्याचं रीळ
आणि पेपर, मी कधीच न घेणारा.

मांजर माझ्याकडे बघत बसलं, मी पेडव्यांकडे.
परत नेऊन द्यायची पिशवी, ठीक आहे,
पण दारात उभं राहून म्हणायचं काय?
भिकाजी, ही घे तुझी सुरमय?
आणि तो आतून माझे बांगडे आणणार?
फोन उचलला. ठेवला.
तिरफळं ठेचून, सोलांच्या जागी चिंच घालून तिखलं केलं,
आणि खरं सांगायचं तर दोनदा भात घेतला.

चार बुधवार झाले.
रीळ खिडकीत पडून होतं. परवा सदऱ्याचं बटण तुटलं,
घरात दुसरा दोरा सापडेना.

काल तो भेटला, तिथंच, सायकलच्या दुकानापाशी.
माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरच्या निळ्या टाक्याकडे त्यानं बघितलं,
जरा जास्तच वेळ,
मग रिवाजाप्रमाणे पिशवीकडे.
"काय मास्तरानू, बाजार?"
"होय, बाजार."
कुठले मासे, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
"सोलां बरी होती," तो सायकलींकडे बघत म्हणाला.
"येतंय हां."
आणि बंदराच्या रस्त्याला लागला,
जिकडे त्याचं घर नाही, काम नाही, काही नाही.